शाळेच्या पटावरून खेळाचा गट ठरतो, हे बरोबर आहे का? (अमेरिकेतल्या हायस्कूल स्पर्धा)

निवडुंग

नमस्कार मंडळी. दोन वर्षं हा विषय मनात घोळतोय, आज लिहायला बसलो.

आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. मुलगी नववीपासून शाळेकडून व्हॉलीबॉल खेळली, आता बारावीत आहे. ज्यांना इथली पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेक्सासमध्ये सरकारी शाळांच्या स्पर्धा युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग ही संस्था घेते, सगळे तिला 'यूआयएल' म्हणतात. शाळांचे सहा गट, वन-ए (सगळ्यात लहान शाळा) ते सिक्स-ए (सगळ्यात मोठ्या). गट ठरतो तो पटावर. नववी ते बारावीची मुलं मोजायची, ऑक्टोबरअखेरचा पट धरायचा, आणि दर दोन वर्षांनी फेब्रुवारीत नवी यादी लावायची. शाळा खेळात चांगली की वाईट, मैदान आहे की नाही, याच्याशी काही देणंघेणं नाही.

२०२४ च्या यादीत सिक्स-एची रेघ २२७५ वर पडली. आमचा पट २२९०. पंधरा मुलांनी आम्ही फाइव्ह-एमधून सिक्स-एमध्ये गेलो. आधीच्या वर्षी याच मुली प्लेऑफच्या तिसऱ्या फेरीपर्यंत पोचल्या होत्या. नव्या डिस्ट्रिक्टमध्ये (इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे आपसात खेळणाऱ्या सात-आठ शाळांचा गट, जिल्हा नव्हे) तीन हजारांवर पट असलेल्या शाळा. दोन मोसम झाले, प्लेऑफ नाही.

घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना होता. बारावीच्या मुलींचा निरोप म्हणून आईबापांनी फुलं घेऊन कोर्टावर चालायचं असतं, तसे आम्ही चाललो. नंतर तीन सेटमध्ये हरलो. शेवटचा सेट २५-११. गाडीत बसल्यावर लेकीने गुडघ्याचे पॅड काढले, एकात एक खुपसून त्यांचा गोळा केला, आणि विचारलं, "बाबा, आम्ही वाईट खेळलो नाही ना?"

नव्हत्याच खेळल्या वाईट. म्हणून विचारतो: मुलांची डोकी मोजून स्पर्धेचे गट पाडणं न्याय्य आहे का? तुमच्या राज्यात कसं आहे? आणि भारतात शाळेकडून खेळलेल्यांनीही लिहा.

चाफा

वाचून गलबलून आलं. लेकीला शाबासकी सांगा.

आम्ही एडिसनला. न्यू जर्सीत 'ग्रुप' म्हणतात, एक ते चार, अमेरिकन फुटबॉलला पाचवाही. खासगी शाळांची चूल वेगळी, त्यांचे नॉन-पब्लिक ए आणि बी. त्यावर राज्याचे चार तुकडे: नॉर्थ वन, नॉर्थ टू, सेंट्रल, साउथ. मुलगा सॉकर खेळायचा तेव्हा मी सासूबाईंना फोनवर "सेंट्रल ग्रुप फोर" समजावून सांगत असे. त्या शेवटी म्हणायच्या, "जिंकला का ते सांग फक्त."

एक विचारते, दादा. फाइव्ह-एमध्ये असताना तुमच्याकडून हरलेल्या शाळांचा पट किती होता?

निवडुंग

@चाफा, प्रश्न वर्मी लागला. तेराशेपासून बावीसशेपर्यंत. म्हणजे गटातल्या मोठ्या शाळांत आम्हीच होतो.

सुतारपक्षी

माझं मत वेगळं आहे आणि ते स्पष्टच मांडतो. हे गट-बिट बंद करावेत. टेक्सासात फुटबॉलच्या सहा गटांचे पुन्हा दोन-दोन विभाग करतात. म्हणजे एका राज्यात एका वर्षी बारा राज्यविजेते! विजेता एक असतो. केंटकीत बास्केटबॉलला आजही गट नाहीत. सोळा विभागांतून सोळा शाळा लेक्सिंग्टनच्या रप अरिनात येतात, डोंगरातली खेड्यातली शाळाही तिथे आणि लुइव्हिलची भलीमोठी शाळाही तिथे. तिथल्या लोकांना त्याचं किती प्रेम आहे ते जाऊन बघा. मुलांना मोठ्यांशी भिडायची संधीच नाकारायची, ही कसली काळजी?

मोरपंखी

@सुतारपक्षी, तुमच्या घरातलं कोणी शंभर मुलांच्या शाळेतून खेळलंय का?

सुतारपक्षी

@मोरपंखी, मी स्वतः. मराठवाड्यातल्या गावातून. जिल्ह्याला शहरातल्या शाळेला कबड्डीत हरवलं होतं आम्ही. म्हणूनच बोलतोय.

धुळाक्षर

इंडियानापोलिसहून लिहितो. या वादाची पंढरी म्हणजे आमचं राज्य, त्यामुळे राहवत नाही.

इंडियानात १९९७ पर्यंत बास्केटबॉलची एकच स्पर्धा होती, सगळ्या शाळांची मिळून. १९५४ साली मायलन नावाच्या गावची शाळा राज्यात पहिली आली. पट १६१. अंतिम सामन्यात समोर मन्सी सेंट्रल, पटाने सुमारे दहापट. बॉबी प्लम्प हा मुलगा चौथ्या डावात चार मिनिटांहून जास्त वेळ चेंडू हातात धरून नुसता उभा राहिला, कारण तेव्हा अमुक सेकंदांत चेंडू टाकलाच पाहिजे असा नियम नव्हता. शेवटच्या क्षणी त्याने बास्केट केली. ३२-३०. ज्या बटलर फील्डहाउसमध्ये हे झालं ते आजही उभं आहे, हिंकल फील्डहाउस म्हणतात. मी पहिल्यांदा आत गेलो तेव्हा वरच्या खिडक्यांतून ऊन लाकडी फरशीवर पडलं होतं, आणि माझ्या शेजारचा म्हातारा ती जागा बोटाने दाखवत होता: "इथून टाकला."

१९९७-९८ पासून चार गट झाले. लोक अजून हळहळतात. पण त्याच म्हाताऱ्याने मला पुढे जे सांगितलं ते महत्त्वाचं आहे. तो स्वतः दोनशे पोरांच्या शाळेतून खेळलेला. म्हणाला, लोकांना मायलन आठवतं. आमची शाळा दरवर्षी पहिल्या फेरीत मोठ्या शाळेकडून मार खाऊन घरी यायची, ते कोणाला आठवत नाही. मायलननंतर १९९७ पर्यंत इतक्या छोट्या शाळेला ते पुन्हा साधलं नाही. चार दशकं, आणि दरवर्षी शेकडो शाळा. @सुतारपक्षी, तुमचा जिल्ह्याचा विजय खरा आहे, पण त्या वर्षी हरलेल्या बाकीच्या गावांच्या शाळा इथे प्रतिसाद द्यायला नाहीत.

चाफा

+१ धुळाक्षर. शेवटचं वाक्य फार पटलं.

जुना_गडी

मी सांगली जिल्ह्यात ३१ वर्षं क्रीडाशिक्षक होतो. मुलगा अमेरिकेत असतो, त्याने हा धागा पाठवला.

आपल्याकडे शालेय स्पर्धांत वयाचे गट असतात: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण. कबड्डीच्या काही स्पर्धांत वजनाचीही अट. पण शाळेच्या पटाची अट कुठेच नाही. आपल्याकडे पटाचा संबंध येतो तो संचमान्यतेला: पट घसरला की शिक्षकाचं पद जातं, आणि क्रीडाशिक्षकाचं पद सगळ्यात आधी. म्हणजे ज्या शाळेत मुलं कमी, तिथे शिकवायला माणूसही नाही. आणि त्या शाळेने तालुक्याला दोन हजार पटाच्या शाळेशी खेळायचं, जिथे दोन क्रीडाशिक्षक, मॅट आणि सकाळ-संध्याकाळ सराव.

कबड्डीला सात मैदानात आणि पाच राखीव, असे बारा लागतात. माझ्या पहिल्या शाळेत नववी-दहावी मिळून मुलगे होते ३४. त्यातले सहा-सात दुपारनंतर रानात. वयाच्या दाखल्यात बसणारे, घरच्यांनी सोडलेले आणि अंगाने धडके असे बारा मिळवताना माझी दमछाक व्हायची. एका वर्षी अकराच घेऊन गेलो. मोठ्या शाळेचा शिक्षक मात्र सव्वाशेतून बारा निवडायचा.

निवडुंगराव, तुमची लेक २२९० च्या शाळेत संघात होती. किती मुली होत्या संघात?

निवडुंग

@जुना_गडी, सर, नमस्कार. व्हर्सिटी संघात चौदा. निवड चाचणीला साठच्या वर आल्या होत्या.

जुना_गडी

म्हणजे पंचेचाळीसहून जास्त मुली पहिल्या संघाबाहेर राहिल्या. त्या पुढे काय करतात?

निवडुंग

काही ज्युनियर संघात, काही नववीच्या संघात. बाकीच्यांचं खरं सांगायचं तर मी कधी विचारलं नाही, सर.

हुर्डा

मी पश्चिम टेक्सासात पवनचक्क्यांच्या कामावर आहे, स्वीटवॉटरच्या बाजूला. सहा वर्षं झाली. वन-ए म्हणजे काय ते इथे बघायला मिळतं.

२०२४ च्या यादीत ज्या शाळांचा पट १०४.९ किंवा त्याखाली, त्या वन-ए. (ते .९ का, असं मला विचारू नका, यादीत तसंच छापतात.) तिथे अकरा जणांचा फुटबॉल संघ उभा करणं अवघड, म्हणून सहा जणांचा फुटबॉल खेळतात. खेळ १९३४ साली नेब्रास्कातल्या स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकाने बसवला, छोट्या शाळांनाही खेळता यावं म्हणून. मैदान लहान, ८० यार्ड बाय ४०. दहाऐवजी पंधरा यार्ड पुढे जायचं. सहाही जण झेल घेऊ शकतात. आणि फरक ४५ गुणांचा झाला, की मध्यंतरापासून पुढे कधीही सामना तिथेच संपवतात.

शुक्रवारी रात्री सामना असतो तेव्हा गावातली दुकानं बंद. मैदानाच्या कडेला पिकअप गाड्या तोंड आत करून लावतात आणि लोक बोनेटवर बसून बघतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चीज घातलेल्या चिप्स विकणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठल्या मुलाचे तुम्ही?" म्हटलं, कुणाचाच नाही, पवनचक्कीवाला. त्या म्हणाल्या, मग आमच्या बाजूला बसा. मध्यंतरात बँड वाजला. बँडमध्ये अकरा जण, त्यातले तिघे फुटबॉलच्या कपड्यांत, खांद्याचे पॅड तसेच. हेल्मेट गवतात ठेवून ट्रंपेट वाजवत होते. एकाने वाजवून झाल्यावर ट्रंपेट आजीकडे दिला आणि पळत मैदानात गेला.

त्या शाळेत प्रत्येक मूल संघात आहे. काय खेळता येतं हा प्रश्नच नाही, हजर आहेस ना, चल. हीच शाळा ॲलनसारख्या शाळेसमोर उभी केली तर? ॲलन हायस्कूलचा पट पाच हजारांवर, शाळेचं फुटबॉल स्टेडियम १८ हजार खुर्च्यांचं, २०१२ साली सहा कोटी डॉलरला बांधलेलं. ही दोन्ही एकाच राज्यातली हायस्कूलं, एकच संस्था त्यांच्या स्पर्धा घेते. @सुतारपक्षी, गट नसते तर या गावाने फुटबॉल कधीच सोडून दिला असता.

सुतारपक्षी

@हुर्डा, हा प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवला. फुटबॉलपुरतं मान्य. अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात पोरं जायबंदी होतील. बास्केटबॉलला मात्र पाच जण लागतात, आणि पाच चांगली पोरं कुठल्याही गावात जन्मू शकतात. तिथे एकच स्पर्धा हवी, या मतावर मी अजून आहे.

चाफा

ट्रंपेट आजीकडे!! हुर्डा, तुम्ही वेगळा लेख लिहा यावर.

कोकणकडा

नेपरव्हिल, इलिनॉय.

पट मोजणं वाटतं तितकं सरळ नाही. सरकारी शाळेला हद्द असते: त्या हद्दीत जो राहतो तो त्या शाळेत. खासगी शाळेला हद्द नाही, तीस मैलांवरून मूल आलं तरी चालतं. दोघांचा पट ६०० असला तरी निवडायला मिळणारी मुलं वेगळी. म्हणून इलिनॉयने २००५ पासून हद्द नसलेल्या शाळांचा पट १.६५ ने गुणायचं ठरवलं. ६०० चे ९९० होतात आणि शाळा वरच्या गटात जाते. शिवाय फक्त मुलांची किंवा फक्त मुलींची शाळा असेल तर पट दुप्पट धरतात. तेही बरोबरच, कारण सहाशे मुलग्यांच्या शाळेत संघाला सहाशे मुलगे मिळतात, बाकीच्यांना तीनशे.

टेनेसीत आर्थिक मदत देणाऱ्या खासगी शाळांचा विभागच वेगळा केला. टेक्सासात तर खासगी शाळा बहुतेक यूआयएलमध्ये नाहीतच, डॅलस आणि ह्यूस्टनच्या दोन जेझुइट शाळा सोडल्या तर. चुकत नाही ना मी?

निवडुंग

बरोबर. त्या दोन्ही सिक्स-एमध्ये खेळतात.

इंद्रायणी

मी मिनेसोटात सरकारी हायस्कूलमध्ये शिकवते, गणित. संध्याकाळी मुलींच्या ट्रॅक संघाला मदत करते. कोकणकडा यांनी अर्धी गोष्ट सांगितली, राहिलेली अर्धी मी सांगते.

आमच्या राज्यात पट धरताना त्यातून काही मुलं वजा करतात. ज्यांना शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळतं, म्हणजे ज्यांच्या घरी उत्पन्न कमी, त्यांच्या संख्येच्या ४० टक्के. समजा पट हजार आहे आणि पाचशे मुलं त्या जेवणाची आहेत, तर दोनशे वजा. खेळासाठी पट आठशे.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं. गरीब मूल म्हणजे पूर्ण मूल नाही, असा त्याचा अर्थ होतो की काय? मग संघाबरोबर राहायला लागले तेव्हा कळलं. आमच्याकडे एक मुलगी होती, आडनाव-गाव सांगत नाही. चारशे मीटरला अशी पळायची की बाकीच्या मुली आपोआप बाजूला होऊन बघायच्या. एप्रिलमध्ये ती यायची थांबली. सराव साडेपाचला संपतो, उशिराची बस बंद झाली होती, आणि आई रात्रपाळीला जायच्या आधी धाकट्या भावाला घ्यायला कुणीतरी हवं होतं. बूट आम्ही दिले असते. बूट हा प्रश्नच नव्हता.

ती मुलगी पटावर होती. मैदानावर नव्हती. पट मोजणाऱ्यांनी हे ओळखलं आणि नियमात बसवलं, याचं मला मोल वाटतं. निवडुंगदादा, तुमच्या शाळेतल्या २२९० मुलांपैकी किती जणांचे पालक क्लबची फी भरू शकतात, हाही आकडा पाहायला हवा. मुली शाळेत व्हॉलीबॉल खेळतात पण शिकतात क्लबमध्ये, आणि वर्षाला हजारो डॉलर जातात.

निवडुंग

@इंद्रायणी ताई, आमच्या भागात बहुतेक भरू शकतात. आम्ही चार वर्षं भरली. आणि नव्या डिस्ट्रिक्टमधल्या दोन शाळांत निम्म्याहून जास्त मुलं सवलतीच्या जेवणाची आहेत. पट आमच्याहून मोठा, पण आम्ही त्यांना हरवलं. हे मी वर लिहिलं नव्हतं. लिहायला हवं होतं.

पाणपोई

बे एरियातून. कॅलिफोर्नियात राज्याच्या प्लेऑफला आता पट बघत नाहीत, संघाचा जोर बघतात: कोणाशी खेळलात, किती फरकाने जिंकलात. त्यावरून विभाग. ऐकायला उत्तम वाटतं. पण बारक्या शाळेत तीन-चार वर्षांतून एकदा चांगली तुकडी निघते, ती नेमकी त्या वर्षी वर ढकलली जाते आणि मोठ्यांकडून हरते. आणि जेमतेम निम्मे सामने जिंकलेला संघ खालच्या विभागात ढाल घेऊन जातो. आमच्या शाळेतल्या पालकांचा यावर दर नोव्हेंबरला वाद होतो.

धुळाक्षर

इंडियानाने मधला रस्ता काढला. गट पटावरच, पण सतत जिंकणाऱ्या शाळेला स्पर्धेच्या चढत्या टप्प्यांप्रमाणे गुण लावतात: सेक्शनलला एक, रीजनलला दोन, सेमीस्टेटला तीन, राज्याला चार. दोन वर्षांत सहा गुण झाले की त्या खेळात वरच्या गटात जायचं. एकदाच चांगली तुकडी निघाली तर शिक्षा होत नाही, आणि वर्षानुवर्षं ढाल नेणारी शाळा खाली बसून राहत नाही. मला हे पाणपोईंच्या पद्धतीपेक्षा बरं वाटतं.

वाटसरू

थोडं अवांतर, पण मराठी पालकांच्या कामाचं.

टेक्सासात हे गट फक्त खेळाला नाहीत. यूआयएलच्या गणित, शुद्धलेखन, वादविवाद, बँड, एकांकिका या सगळ्या स्पर्धा याच गटांत होतात. माझा मुलगा नंबर सेन्समध्ये होता. दहा मिनिटं, ८० गणितं, कच्चं काम करायचं नाही, खाडाखोड चालत नाही, उत्तर थेट लिहायचं. आजोबा उन्हाळ्यात आले तेव्हा त्यांनी त्याला पावकी, निमकी, दिडकी शिकवली आणि दोघे रात्री जेवणाच्या टेबलावर घड्याळ लावून बसायचे. आजोबांना साडेसतरा गुणिले चोवीस तोंडी येत होतं, त्याला तेव्हा नव्हतं येत. पुढे यायला लागलं.

जुना_गडी

४२०. आमच्या वेळी हे चौथीला.

वाटसरू

सर __/\__

मोरपंखी

मी फ्रिस्कोला राहते, निवडुंगदादांच्या पंचक्रोशीतच. आमच्या शाळा मंडळाने वेगळाच मार्ग धरला होता. गाव वाढत होतं तेव्हा एकच राक्षसी हायस्कूल न बांधता दोन-दोन हजारांच्या आसपासची बरीच हायस्कूलं बांधली. २०२२ साली बारावं उघडलं. कारण अगदी साधं: एका गावात एक शाळा तर व्हॉलीबॉलचा पहिला संघ एक, नाटकातली नायिका एक, बँडमधली पहिली बासरी एक. बारा शाळा तर बारा. थोरली इथे क्रॉसकंट्री पळाली. सात जणी पळतात, पहिल्या पाचांचे गुण धरतात. ती सहावी. पाच हजारांच्या शाळेत ती सातांतही नसती आली. चार वर्षं पळाली, आजही रोज पळते.

लोक नावं ठेवतात की तुमच्या शाळा मुद्दाम छोट्या ठेवून खालच्या गटात जिंकतात. मला त्याचं काही वाटत नाही. शाळा बांधायला आणि चालवायला पैसे लागतात, ते आम्ही करातून भरले.

चाफा

मोरपंखीताई, हा मुद्दा सगळ्यात आवडला. बारा नायिका!

सुतारपक्षी

दोन दिवस विचार केला. माझ्या कबड्डीच्या संघाची आठवण काढत होतो. आम्ही जिल्ह्याला जिंकलो त्या वर्षी संघात आम्ही दहाच होतो. दुसऱ्या वर्षी आमच्यातले सहा दहावी होऊन गेले, आणि शाळेने संघ पाठवलाच नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. धाकटा भाऊ त्या दोन वर्षांत तिथे होता. माझ्यापेक्षा चपळ होता तो. त्याला एकही सामना मिळाला नाही. हे मी इतकी वर्षं त्या विजयाला जोडून पाहिलंच नव्हतं.

केंटकीची स्पर्धा मला आवडते आणि आवडत राहील. पण तिथली पहिली फेरी तरी सारख्या शाळांत व्हावी, एवढं आता म्हणेन.

जुना_गडी

सुतारपक्षी, असे भाऊ मी दर दोन-तीन वर्षांनी पाहिले. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला भंडारी कपात प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या. मुलाचं कौतुक करावं तेवढं थोडं, तासन्तास उभं राहून एकाग्रता टिकवणं सोपं नाही. पण मी त्या दिवशी पेपरात दुसरी बाजू शोधत होतो. समोरच्या शाळेचे डाव ३१ आणि ५२ चे. मोठ्या शाळेने ३ बाद १४६५ ला डाव सोडला. त्या अकरा मुलांनी दोन दिवस उन्हात चेंडू आणून दिला. त्यातल्या किती जणांनी पुढे बॅट हातात धरली, हे कुणी विचारलं नाही. हुर्डा यांनी सांगितलेला तो ४५ गुणांचा नियम मला म्हणूनच फार आवडला. असा नियम आपल्या तालुक्याच्या स्पर्धांना हवा, आणि पटाचे निदान दोन गट हवेत: तीनशेखालचे आणि वरचे. मी एकदा तालुक्याच्या बैठकीत हे मांडलं होतं. "मग ढाली वाढतील, खर्च कोण करणार" असं उत्तर मिळालं. दोन ढाली मी माझ्या पगारातून देतो म्हणालो होतो. विषय पुढे सरकला नाही.

कोकणकडा

सर, तुमच्या गावातली स्पर्धा अजून होते का? ढालींचं आम्ही इथून बघू शकतो. खरंच सांगतो.

जुना_गडी

सप्टेंबरात होते. शाळेतल्या सध्याच्या सरांना विचारून सांगतो. गट करायला तयार असतील तर ढाली घेऊ, नुसत्या ढाली नकोत.

इंद्रायणी

मीही आहे यात.

हुर्डा

मी पण.

निवडुंग

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं लिहाल असं वाटलं नव्हतं.

मूळ प्रश्नावर येतो. काल मुलीला हा धागा वाचून दाखवला, मराठी वाचता येत नाही तिला, ऐकते. हुर्डा यांची ट्रंपेट आणि इंद्रायणीताईंची चारशे मीटरवाली, दोन्ही तिने पुन्हा वाचायला लावल्या. मग मी सरांचा प्रश्न तिला विचारला: त्या चाचणीला आलेल्या बाकीच्या मुलींचं काय झालं? तिने बोटं मोजत नावं घ्यायला सुरुवात केली. एक टेनिसकडे गेली, दोघी बँडमध्ये, एक दुसऱ्या शाळेत, चौघींनी सोडलंच. बारा-तेरा नावांनंतर थांबली आणि म्हणाली, बाकीच्यांची नावं मला माहीत नाहीत.

मी धागा काढला तेव्हा मला वाटत होतं पंधरा मुलांनी आमचं नुकसान केलं. २२७५ ची रेघ कुठेतरी पडणारच, आणि कुठेही पडली तरी कोणीतरी तिच्या पलीकडे पंधरा मुलांनी पडणार. सिक्स-एमध्ये सगळ्यात लहान शाळा आणि ॲलन यांच्यात दुपटीहून जास्त फरक आहे, तो मला अजूनही खुपतो. वरच्या टोकाला आणखी एक गट करायला हवा, असं माझं मत आहे. पण पट मोजू नये, असं आता म्हणणार नाही. धाकटा येत्या ऑगस्टात नववीत जातोय. त्याची उंची बेताची, हात चांगला. गावात नवीन हायस्कूल उघडण्यावर मतदान आहे, कर वाढेल म्हणून मी विरोधात होतो. मोरपंखीताई, त्या बारा शाळांबद्दल तुमच्याशी फोनवर बोलायचं आहे.

मोरपंखी

तुम्हाला निरोप टाकला आहे, त्यात नंबर दिलाय. शनिवारी सकाळी करा.

हुर्डा

फेब्रुवारीत नवी यादी लागली की इथे टाका. आणि ऑगस्टच्या शेवटी सिक्स-मॅनचे सामने सुरू होतात. धाकट्याला घेऊन एका शुक्रवारी या, डॅलसहून साडेतीन तास. बोनेट माझ्या गाडीचं.

जुना_गडी

सध्याच्या सरांशी बोललो. तालुक्यात तीनशेखाली पट असलेल्या १९ शाळा आहेत म्हणाले. गेल्या वर्षी कबड्डीला त्यातल्या सहाच आल्या होत्या. उरलेल्या १३ शाळांत फोन करायचं काम मी घेतलं आहे. उद्यापासून सुरू करतो.